अवजारघरांतील एलईडी दिवे : निवड आणि मांडणी

शेतकऱ्याच्या घरीं पूर्वीं दिवा लागे तो देवापुढें, चुलीपुढें आणि फार तर गोठ्यांत. औत सोडलें कीं दिवसाचें काम संपलें, अशी रीत होती. पॉवर टिलर, फवारणीचे पंप, गवत कापण्याचीं यंत्रें आणि विजेची कडबाकुट्टी घरांत आल्यापासून ती रीत मोडली. यंत्र दिवसा शेतांत चालतें आणि बिघडलें तर रात्रीं दुरुस्त करावें लागतें. कारण उद्यांची चिखलणी त्याच्यासाठीं थांबत नाहीं. म्हणून ज्या खोलींत हें काम होतें त्या खोलींतील दिवा हा आतां केवळ सोयीचा विषय राहिला नसून तें एक अवजारच झालें आहे. असें असूनहि विळा घेतांना आपण जितकी पारख करतों तितकी दिवा घेतांना करीत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

प्रस्तुत लेख मीरा-भाईंदरकडील अवजारघरें डोळ्यांपुढें ठेवून लिहिला आहे. वसईची खाडी व अरबी समुद्र यांच्या कडेचा हा टापू ठाणें जिल्ह्यांत मोडतो. २८ फेब्रुवारी २००२ रोजीं येथें महानगरपालिका झाली आणि स्थानकांभोंवतीं इमारतींचें रान माजलें. तरी राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन या बाजूस थोडींबहुत भाताचीं खाचरें, भाजीचे वाफे, मिठागरें आणि मासेमारीच्या होड्या अद्यापि आहेत. जनावरें कमी झालीं तसा कौलारू गोठा रिकामा झाला, आणि त्यांत हळूहळू मोटारसायकल, टिलर, वेल्डिंगचें यंत्र, ग्राइंडर व पान्यांची पेटी असा नवा संसार येऊन बसला. नांव गॅरेज, पण भिंती, आढें आणि अंधार हीं सारीं गोठ्याचीं. खारी हवा, कोंकणचा पाऊस, पावसाळी किडे, लांबवलेल्या तारेंतून येणारी कमीजास्त वीज, असे दिव्याचे जेवढे म्हणून शत्रु ते सर्व येथें एकत्र नांदतात. येथें जो दिवा टिकेल तो देशावर निश्चित टिकेल.

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. त्यांत तापणारी तार नाहीं कीं पाऱ्याची वाफ नाहीं. अर्धवाहक स्फटिकाच्या चिमुकल्या तुकड्यांतून वीज वाहूं लागली कीं तो प्रकाशतो. लाल प्रकाशाचा असा डायोड १९६२ सालींच तयार झाला होता. परंतु निळा प्रकाश साधेपर्यंत त्याचा घरगुती दिवा होऊं शकला नाहीं. आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांनीं तो साधला आणि त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या स्फटिकावर पिवळट लेप देऊन पांढरा प्रकाश काढतात. आपल्या देशांत ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या उजाला योजनेनें हा दिवा झोंपडीपर्यंत नेला. सरकारी खरेदींत ज्या बल्बास २०१४ सालीं ३१० रुपये पडत, तो २०१६ सालीं ३८ रुपयांवर आला. ही स्वस्ताई खरी, पण तिच्यामागून बाजारांत निकृष्ट मालहि आला, आणि तो नेमका अवजारघराच्या वांट्यास येतो. कारण 'गॅरेजलाच तर लावायचा' असें म्हणून आपण दुकानांतील सर्वांत हलका दिवा उचलतों.

खरेदींतील पहिली चूक वॅट पाहून दिवा घेण्याची. दिवा किती वीज खातो याचें माप वॅट. तो किती प्रकाश देतो याचें नव्हे. बैल किती वैरण खातो यावरून तो किती नांगरील हें ठरत नाहीं, तसेंच हें. प्रकाशाचें माप ल्युमेन. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारें ७०० ल्युमेन देई. ९ वॅटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० देतो. २० वॅटची चार फुटी पट्टी सुमारें २,००० देते. हा आंकडा वेष्टनावर छापलेला असतो. ल्युमेनास वॅटनें भागावें. भागाकार १०० च्या आसपास किंवा वर आला तर माल बरा. ७० च्या घरांत राहिला तर तो परत ठेवावा. आणि आंकडाच छापलेला नसेल तर दुकानदाराशीं वाद न घालतां दुसरें दुकान गांठावें.

हा प्रकाश कामाच्या जागीं किती दाट पडतो त्याचें माप लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला कीं एक लक्स झाला. भर दुपारचें ऊन एक लाख लक्सच्या जवळपास असतें आणि पौर्णिमेचें चांदणें एक लक्सहि नसतें; या दोहोंमध्यें आपला डोळा सारें निभावून नेतो, म्हणूनच त्याच्या भरंवशावर आपण अपुऱ्या उजेडांत काम करीत राहतों. नुसती गाडी ठेवण्यास ५० ते १०० लक्स पुरतात. यंत्र उघडावयाचें तर ३०० पाहिजेत. कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्र साफ करणें किंवा करवतीस धार लावणें यांस ५०० असावेत. आणि काम करणारा साठीच्या पुढचा असेल तर त्याहूनहि अधिक, कारण वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळट होत जातें व कमी प्रकाश आंत सोडतें.

आतां १२ फूट रुंद व २० फूट लांब असें अवजारघर घेऊं. क्षेत्रफळ २४० चौरस फूट, म्हणजे सुमारें २२ चौरस मीटर. सगळीकडे ३०० लक्स हवे म्हटल्यास ६,६०० ल्युमेन कामाच्या पातळीवर उतरले पाहिजेत. परंतु निम्माशिम्मा प्रकाश भिंती, वांसे आणि धूळ यांत जिरतो. तेव्हां दिव्यांतून १३,००० निघावयास हवेत. म्हणजे २० वॅटच्या सहा-सात पट्ट्या. माझ्या मतें इतका प्रकाश सर्वत्र पसरण्याचें कारण नाहीं. चार पट्ट्या छताखालीं आणि दोन पट्ट्या कामाच्या टेबलाच्या बरोबर वर, टेबलापासून साडेतीन फुटांवर टांगल्या, कीं एकंदर खोलींत दीडशेहून अधिक आणि टेबलावर पांचशेच्या आसपास लक्स मिळतात. दोन्ही गटांचीं बटनें निराळीं ठेवावीं.

पण दिवे आणण्यापूर्वीं चुना आणावा. हें मी थट्टेनें म्हणत नाहीं. धुरानें काळवंडलेलें लांकूड आणि उघडी वीट यांवर पडलेल्या प्रकाशाचा मोठा हिस्सा परत येतच नाहीं. ताज्या सफेदीवरून सुमारें तीन चतुर्थांश परत येतो. भिंतींस दोन हात चुना दिला आणि कौलांखालीं पांढऱ्या पत्र्याचें किंवा फळ्यांचें अस्तर मारलें तर एखाद-दुसरी पट्टी कमी लागते, शिवाय प्रकाश चहूंकडून येऊन सांवल्या मऊ होतात. टेबलामागील भिंत तर पांढरी असलीच पाहिजे.

मांडणीविषयीं नियम एकच आहे : आपली सांवली आपल्या हातांवर पडूं देऊं नये. बहुतेक अवजारघरांत दिवा खोलीच्या मधोमध आणि टेबल भिंतीशीं असतें. कारागीर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दिवा त्याच्या पाठीमागें राहतो, आणि जेथें चिमट्याचें टोंक आहे तेथेंच अंधार पडतो. मग तो दुप्पट वॅटचा दिवा लावतो व सांवली दुप्पट गडद होते. पट्टी टेबलाच्या वर, कारागिराच्या कपाळापुढें आडवी यावी. तिच्यावर दुधी आच्छादन असावें, नाहींतर चकाकत्या पत्र्यावरून झळ डोळ्यांत येते. कडबाकुट्टीच्या बाबतींत दिवा वैरण घालण्याच्या तोंडावर समोरून व किंचित् बाजूनें यावा. मळणीयंत्रांनीं लोकांचे हात जाऊं लागले म्हणून १९८३ सालीं धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. यंत्रास आडोसे बसविणें हें कायद्याचें काम. पण आडोसा कोठें संपतो आणि पातें कोठें सुरू होतें हें रात्रीं दिसलें पाहिजे, तें काम दिव्याचें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला तीकडे वळतों. आमच्या येथें एका पावसाळ्यांत स्वस्त मिळाल्या म्हणून चार एलईडी पट्ट्या आणून लावल्या. उजेड लख्ख पडला. सर्वांनीं वाहवा केली. आठवड्याभरांत एका संध्याकाळीं पुतण्या ग्राइंडरवर कोयत्यास धार लावीत होता. धार झाली, त्यानें बटन बंद केलें. शेजारीं पंप चालू असल्यामुळें ग्राइंडरचा आवाज ऐकूं येत नव्हता. त्यानें चाकाकडे पाहिलें, तें थांबलेलें दिसलें, आणि चाकाखालीं पडलेला फडका काढण्यास त्यानें हात घातला. चाक थांबलें नव्हतें. बोटाच्या टोंकाचें कातडें गेलें. नख वांचलें, हाड वांचलें. तो दोन दिवस शपथेवर सांगत होता कीं चाक उभें होतें. आम्हीं त्यास धांदरट ठरविलें. पुढें विचार केला तेव्हां कळलें कीं मुलगा खरें बोलत होता.

कारण असें. आपली वीज सेकंदास ५० वेळां उलटसुलट वाहते, त्यामुळें निकृष्ट दिव्याचा प्रकाश सेकंदास १०० वेळां मंदावतो व उजळतो. स्थिर वस्तूकडे पाहतांना हें डोळ्यास कळत नाहीं. फिरत्या वस्तूचें मात्र निराळें आहे. ग्राइंडरचें चाक सर्वत्र सारखें करडें. तें फिरतें आहे कीं नाहीं हें आपण मधल्या नटाच्या कोपऱ्यांवरून ओळखतों. नटास कोपरे सहा. बटन बंद केल्यावर चाकाची गति मिनिटास २,८०० फेऱ्यांच्या वरून उतरत १,००० फेऱ्यांवर येते, त्या क्षणीं सेकंदास बरोबर १०० कोपरे एकाच जागेवरून जातात. दिवा उजळावा आणि प्रत्येक वेळीं तेथें कोपरा असावा, असा मेळ बसतो व नट उभा दिसतो. १,००० फेऱ्यांनीं फिरणारें सहाणेचें चाक बोटाचें काय करील तें सांगावयास नको. मोटारीच्या पुलीचेंहि असेंच. १,४४० फेऱ्यांच्या मोटारीवरील चार आऱ्यांच्या पुलीचे सेकंदास ९६ आरे पुढून जातात. १०० शीं मेळ थोडा चुकतो, आणि पुली सेकंदास एक फेरा या बेतानें उलटी फिरतांना दिसते. कडबाकुट्टीचें मोठें चाक संथ असतें, त्याच्यावर हा भ्रम होत नाहीं. परंतु त्यास जोडलेल्या मोटारीवर होतो.

ही विद्या नवी नव्हे. ट्यूबलाइट आल्या तेव्हांच कारखानदारांस ती कळली होती, आणि यंत्रांवरील दिवे विजेच्या तीन फेजांवर वांटून लावावे म्हणजे एक मंदावेल तेव्हां दुसरा उजळेल, असा उपाय ते करीत आले. आपल्या अवजारघरांत बहुधा एकच फेज असतो, म्हणून उपाय दिव्यांतच शोधला पाहिजे. एलईडीच्या आंत विजेचें नियमन करणारें एक मंडल असतें, कारागीर त्यास ड्रायव्हर म्हणतात. तें चांगलें असेल तर प्रकाश एकसारखा राहतो. तेथें कंजुषी केली असेल तर प्रकाश लुकलुकतो. स्वस्त व महाग पट्टींतील खरा फरक या न दिसणाऱ्या भागांत आहे.

परीक्षा दुकानांतच करतां येते. दिवा लावून त्याच्या उजेडांत एखादी पांढरी काडी किंवा पेन्सिल झपाट्यानें डावी-उजवीकडे हालवावी. काडीचा सलग पंखा दिसला तर दिवा उत्तम. एकापुढें एक सुट्या सुट्या अनेक काड्या दिसल्या तर तो दिवा यंत्राजवळ लावूं नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून दिव्याकडे पाहिल्यास पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकतांना दिसतात, तेंहि वाईट दिव्याचें लक्षण. पण माझा भरंवसा काडीवर अधिक. आमच्या ग्राइंडरवर आतां बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा लहान एलईडी बसविला आहे. बॅटरीची वीज एकाच दिशेनें वाहते, म्हणून तिच्यांत शंभराची लुकलुक नाहीं. चाकाच्या बाजूवर खडूनें एक जाड आडवी रेघहि ओढली आहे, आणि बटन बंद केल्यावर चाकास लांकडाची ढलपी टेकवून मगच हात पुढें करावयाचा, असा घरांत दंडक आहे.

प्रकाशाच्या रंगाविषयीं थोडेंच सांगतों. वेष्टनावर ३००० केल्विन असेल तर दिवा पिवळसर, ६५०० असेल तर निळसर पांढरा. कामास ४००० मला बरा वाटतो. ६५०० घेणाऱ्यांशीं माझें भांडण नाहीं. त्याहून महत्त्वाचा आंकडा रंगदर्शनाचा. तो ८० च्या खालीं नसावा, नाहींतर तारांचे लाल व तपकिरी रंग ओळखतांना आणि पोलादास पाणी देतांना फसगत होते.

टिकाऊपणाविषयीं वेष्टनावर २५,००० तास असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ तितक्या तासांनीं प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येतो, असा. रोज चार तास धरले तर सतरा वर्षें होतात. पण स्फटिक जगला तरी ड्रायव्हर आधीं मरतो. त्याचा पहिला शत्रु उष्णता. एप्रिल-मेमध्यें पत्र्याखालीं हात धरवत नाहीं. तेथें पट्टी चिकटवून बसविली तर ती दोन उन्हाळे काढणार नाहीं. पत्र्यापासून वीतभर खालीं साखळीनें टांगावी. दुसरा शत्रु खारी हवा. उत्तनच्या किनाऱ्यावर लोखंडी पट्टीस वर्षभरांत गंज चढतो, तेव्हां तेथें प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि रबरी पट्टीनें बंद होणारीं टोंकें पाहून घ्यावीं. वेष्टनावर 'आयपी' या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात; पहिला धुळीपासून व दुसरा पाण्यापासून संरक्षण किती तें सांगतो. कोरड्या बंद खोलींत २० चालेल, पण समुद्राजवळ आणि पडवींत ६५ घ्यावा. तार दिव्यांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक वळसा द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी दिव्यांत न जातां वळशाच्या तळाशीं गळून पडतें.

तिसरा शत्रु आपणच घरीं पाळलेला असतो. तो वेल्डिंगचें यंत्र. तें सुरू होतांच वीज खालीं बसते व सुटतांच उसळते. दिवे व वेल्डिंग यांच्या तारा मुख्य फळीपासूनच वेगळ्या काढाव्या. दिवा १०० ते ३०० व्होल्ट सोसणारा घ्यावा आणि निदान २.५ किलोव्होल्टच्या उसळीपासून त्यास संरक्षण आहे असें वेष्टनावर पहावें. खांबावरील न्यूट्रल तुटल्यास घरांत ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊं शकतात. तेव्हां मात्र कोणताहि दिवा तग धरीत नाहीं, त्यासाठीं फळीवर वीज तोडणारें साधन हवें. भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि दोन वर्षांची हमी, हीं नसतील तर कितीहि स्वस्त मिळाला तरी दिवा घेऊं नये.

दाराबाहेरील दिव्याविषयीं शेतकऱ्यानें विशेष सावध असावें. त्याचा झोत खाचराकडे गेला तर दोन नुकसानें होतात. भातावरील खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे धांवतात. म्हणूनच आपण प्रकाशसापळा लावतों, आणि येथें आपणच पिकाच्या कडेला पतंगांस आमंत्रण देतों. दुसरें असें कीं, भाताच्या जुन्या गरव्या जाती रात्र लांबली कीं निसवतात. रात्रभर उजेड पडल्यास त्यांस रात्र झालेलीच कळत नाहीं, आणि दिव्याखालचा पट्टा हिरवाच राहतो. शेवंतीचे बागायतदार हाच गुण कळ्या लांबविण्यासाठीं मुद्दाम वापरतात. भातास तो मारक. बाहेरचा दिवा पिवळसर, खालीं तोंड केलेला आणि माणूस आला तरच पेटणारा असावा.

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टींत एलईडीची नळी बसवून पैसे वांचविण्याचा मोह होतो. चोक व स्टार्टर काढून तारा बदलाव्या लागतात, आणि कांहीं नळ्यांस वीज एका टोंकानें तर कांहींस दोन्ही टोंकांनीं लागते. पुढें दुसऱ्या कोणी भलतीच नळी बसविली तर धक्का बसण्याचा किंवा तारा जळण्याचा प्रसंग येतो. त्यापेक्षां नवी अखंड पट्टी घ्यावी. टिलरच्या खालीं शिरून पाहण्यासाठीं २३० व्होल्टचा लोंबता बल्ब कधींहि वापरूं नये. ओल्या जमिनीवर तार सोलली गेली तर सुटका नाहीं. बॅटरीवर चालणारा हातदिवा आतां कोठेंहि मिळतो. संपूर्ण खोलीस ३० मिलिअँपिअरवर तुटणारें गळतीरोधक बटन व चांगलें अर्थिंग हवेंच, आणि पेट्रोलचे डबे दिव्यांच्या खोलींत नकोत. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत सांचून राहते व ठिणगीची वाट पाहते.

खर्चाचा हिशोब शेवटीं मांडतों, कारण तो सर्वांत सोपा आहे. सहा एलईडी पट्ट्या मिळून १२० वॅट. रोज चार तास म्हणजे महिन्यास साडेचौदा युनिट. तितक्याच जुन्या ट्यूबलाइट चोकसह सुमारें ३०० वॅट घेतात. त्यांचे ३६ युनिट होतात. युनिट आठ रुपयांनीं धरला तर महिन्यास १७० रुपयांवर वांचतात. स्वस्त पट्टी आणि चांगली पट्टी यांच्या किंमतींतील अंतर या बचतींतून कांहीं महिन्यांत भरून निघतें. वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं आणि दिवाळीच्या सुमारास, वीज बंद करून सर्व पट्ट्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या; पिठाच्या, भुशाच्या व सहाणेच्या धुळीखालीं प्रकाश किती दडलेला असतो हें पुसल्यावरच कळतें.